राज्यशास्त्राचा मास्तर व्हायचंय, पण परीक्षेत राज्यशास्त्रच नाही

मुरुड : राज्यशास्त्रात एम.ए. झालं, वर बी.एड. झालं, आता शिक्षक भरतीची तयारी. बोर्ली-नांदगावपासून राजपुरी-आगरदांड्यापर्यंत अशी मुलंमुली भेटतात. सकाळी वाडीत सुपारी गोळा करायची, रात्री मोबाइलवर सराव पेपर सोडवायचे. पण ज्या विषयात पाच वर्षं घातली, त्यावर भरतीच्या चाचणीत एकही प्रश्न येत नाही. पोरगी आकडेमोड करत बसलीय, संविधान कधी वाचणार, असं घरच्यांना वाटतं. चूक पोरीची नाही, पेपरच तसा आहे.

आधी नावांचा घोळ. टीईटी वेगळी, टेट वेगळी. टीईटी ही पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठीची पात्रता परीक्षा. सहावी ते आठवीच्या पेपरात 150 पैकी 60 गुण सामाजिक शास्त्रांना मिळू शकतात, त्यात इतिहास-भूगोलाच्या जोडीला राज्यशास्त्राचे थोडे प्रश्न असतात. अकरावी-बारावीला शिकवायचं तर टीईटी लागत नाही, विषयात एम.ए. आणि बी.एड. लागतं. टेट मात्र सगळ्यांना. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. 200 प्रश्न, 200 गुण, वेळ दोन तास. 120 गुण अभियोग्यतेला, 80 बुद्धिमत्तेला. गणित, तर्क, मराठी, इंग्रजी, सांकेतिक भाषा, आकृत्या. एका प्रश्नाला जेमतेम 36 सेकंद. गणिताचा मास्तर आणि राज्यशास्त्राचा मास्तर एकाच चाळणीतून जातात.

ही पद्धत उगाच आली नाही. खाजगी संस्थेत नोकरीसाठी ‘देणगी’ किती, ही चर्चा कोकणात काय किंवा घाटावर काय, कुणाला नवी नाही. 2017 साली पवित्र पोर्टल आणलं ते याला आळा घालायला. मुलाखतीशिवायच्या जागांवर गुण, आरक्षण आणि उमेदवाराने दिलेला पसंतीक्रम यांवर निवड होते. ज्याच्या घरात द्यायला पैसे नाहीत, त्या कोळ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या पोराला निदान दार तरी उघडलं. हे मान्यच करावं लागेल. पण बारावीच्या वर्गात 1991 नंतरचं जग, जागतिकीकरण, सुशासन शिकवणाऱ्याला विषय किती येतो, हे कुणी तपासायचं? एम.ए.ची पदवी आहे म्हणजे येतो, असं सरकार धरून चालतं. पदवी आठ-दहा वर्षांपूर्वीची असली तरी.

आठ-दहा वर्षं का, तर परीक्षेचं वेळापत्रक बघा. पहिली टेट डिसेंबर 2017 ला. दुसरी थेट फेब्रुवारी-मार्च 2023 ला. तिच्यावरून निवडीची पहिली यादी लागायला फेब्रुवारी 2024 उजाडला. तिसरी मे-जून 2025 मध्ये. म्हणजे 2018 ला चोविसाव्या वर्षी बी.एड. झालेला उमेदवार पहिल्यांदा पेपरला बसला तोच एकोणतिसाव्या वर्षी. तोवर तासिका तत्त्वावर शिकवा, नाहीतर काशीदच्या किनाऱ्यावर स्टॉल लावा. शेवटच्या दोन्ही चाचण्यांना दोन लाखांच्या वर उमेदवार बसले. 2025 ची चाचणी 27 मे ते 5 जून या काळात झाली. त्या वर्षी मान्सून मेअखेरीलाच दाखल झाला होता. भाताच्या राबाची घाई, होड्या वर ओढायची लगबग आणि त्यातच ऑनलाइन पेपर. मुरुडला रेल्वे नाही. केंद्र अलिबागच्या पुढं पडलं तर आदल्या दिवशीच निघायला हवं.

जागांचं गणितही राज्यशास्त्रवाल्यांना जड जातं. नववी-दहावीला हा विषय इतिहासाच्या पेपरात बसवलेला, त्यामुळे तिथं स्वतंत्र शिक्षक नाहीच. ज्युनिअर कॉलेजात कला शाखेच्या एक-दोन तुकड्या असतील तर राज्यशास्त्राचे तास पूर्ण पदाला पुरत नाहीत, मग अर्धवेळ जागा. पोरं विज्ञान-वाणिज्यकडे वळली की तीही धोक्यात. म्हणून फक्त गावाजवळची जागा धरून बसणाऱ्याचं कठीण आहे. मराठवाडा-विदर्भातली पसंतीही भरायची मनाची तयारी हवी.

तयारी करणाऱ्यांनी विषयाची पुस्तकं मात्र विकू नयेत. काही संस्थांच्या जागा मुलाखतीसह असतात. तिथं वर्गात शिकवून दाखवावं लागतं, आणि तिथंच विषयाचा कस लागतो. रोज दीड-दोन तास घड्याळ लावून टेटचा सराव, आणि आठवड्यातून दोन दिवस अकरावी-बारावीचं पुस्तक असं ठेवलं तर दोन्ही सांभाळतं. क्लासला पुण्यात जायलाच हवं असं नाही. हा पेपर वेगाचा आहे, आणि वेग सरावानेच येतो.

आणखी एक. चांगले गुण असूनही पोर्टलवर गडबड होते. स्वप्रमाणपत्र नीट भरलं नाही, जातीचा किंवा नॉन-क्रिमिलेअरचा दाखला मुदतीत नव्हता, पसंतीक्रम भरला पण लॉक केला नाही, तर गुण कागदावरच राहतात. पावसात आपल्याकडे वीज आणि रेंज कधी जाईल सांगता येत नाही. शेवटच्या तारखेची वाट न बघता चार दिवस आधीच अर्ज लॉक करून त्याची प्रिंट काढून ठेवावी.