‘ॲट्रॉसिटी’ कोणी केली?

भंडाऱ्याच्या न्यायालयात वकिली करताना एक वाक्य सारखे कानावर पडते. ‘वकीलसाहेब, त्याने आमच्यावर ॲट्रॉसिटी केली.’ हे वाक्य बोलणारा माणूस अनुसूचित जातीचा नसतो, जमातीचाही नसतो. तो आरोपी असतो! जातिवाचक शिवीगाळ केल्याचा, मारहाण केल्याचा, विहिरीवरून हुसकावून लावल्याचा आरोप त्याच्यावर असतो. पण त्याच्या बोलण्यात ‘ॲट्रॉसिटी’ करणारा मात्र फिर्यादी असतो. मार खाणारा कर्ता झाला आणि मारणारा कर्म झाला. मराठी व्याकरणाचा हा चमत्कार कोणत्या व्यवस्थेने घडवला, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

कायद्यात या शब्दाचा अर्थ अगदी सरळ आहे. 1989 च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले आहे की, अत्याचार म्हणजे तिसऱ्या कलमाखाली शिक्षेस पात्र असलेला गुन्हा. म्हणजे ॲट्रॉसिटी हे गुन्ह्याचे नाव आहे, कायद्याचे नव्हे. खून करणाऱ्यावर ‘खून लावला’ असे आपण म्हणत नाही. त्याने खून केला असे म्हणतो. मग इथेच ‘ॲट्रॉसिटी लावली’, ‘ॲट्रॉसिटी टाकली’, ‘ॲट्रॉसिटी ठोकली’ ही क्रियापदे कुठून आली? ‘लावणे’ या क्रियापदात आधीच गृहीत धरलेले असते की, मुळात काही घडलेच नाही, वरून काहीतरी चिकटवले आहे. फिर्याद वाचण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

बरे, मराठीत ‘अत्याचार’ हा चांगला शब्द असताना हा इंग्रजी शब्द का चिकटला? एकेकाळी मराठीत अत्याचार म्हणजे सर्वसाधारण हिंसा असा अर्थ होता. गांधींच्या असहकाराला त्या काळी ‘अनत्याचारी’ म्हणत. 1970 च्या दशकात गावोगावचे बहिष्कार आणि मारहाणी वेशीवर टांगत आपल्या तरुणांनी ‘दलितांवरील अत्याचार’ हे शब्द महाराष्ट्राला ऐकायला लावले. दलित पँथरचा जन्म 1972 चा, आणि तो अशाच बातम्यांच्या संतापातून झाला. 1978 साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, तेव्हा तर या शब्दाला दुसरा अर्थ उरला नव्हता. आज मात्र कोणतेही मोठे दैनिक उघडा, मथळ्यात नुसते ‘अत्याचार’ असेल तर वाचकाने ते लैंगिक अत्याचार असे समजायचे असते. ‘बलात्कार’ लिहायला संकोच वाटतो म्हणून वृत्तपत्रांनी हा शब्द तिकडे वळवला. त्या स्त्रीच्या दुःखाशी आपले भांडण नाही. परंतु जातीय अत्याचाराला मराठीत नाव उरले नाही आणि आपल्या वाट्याला ‘ॲट्रॉसिटी’ हा परका, कचेरीतला शब्द आला. परका शब्द वाकवायला सोपा असतो!

आता आपल्या जिल्ह्याकडे या. 29 सप्टेंबर 2006. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर या चौघांना गावातल्या जमावाने ठार मारले आणि त्यांचे मृतदेह कालव्याच्या पाण्यात टाकले. भैयालाल तेवढे वाचले. महाराष्ट्रात ‘ॲट्रॉसिटी’ या शब्दाला एखादे गाव जोडायचे असेल, तर ते खैरलांजी, असे आपण समजत होतो. परंतु 15 सप्टेंबर 2008 रोजी भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी धरताना सांगितले की, अत्याचार प्रतिबंध कायदा इथे लागू होत नाही. त्यानंतर सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. फाशी झाली म्हणून अनेकांनी समाधान मानले. 2010 च्या जुलैमध्ये नागपूर खंडपीठाने ती फाशी 25 वर्षांच्या कारावासावर आणली, आणि ‘ॲट्रॉसिटी नाही’ हा निष्कर्ष मात्र जसाच्या तसा राहिला.

कारण काय दिले गेले? हे खून सूडापोटी झाले. शेजारच्या गावच्या एका बौद्ध पोलीस पाटलाला मारहाण झाली होती, सुरेखा आणि प्रियंका यांनी मारणाऱ्यांना ओळखले होते, त्यांना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी हे हत्याकांड घडले. म्हणून सूड. न्यायालयाचा निकाल आहे, त्याचा आदर ठेवूनच लिहितो; पण निकालाची चिकित्सा करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. साक्ष दिली म्हणून गावातल्या दांडग्या शेतकऱ्याच्या संपूर्ण कुटुंबाला घरातून ओढून मारल्याचे आपण ऐकले आहे काय? आपल्या शेतातून रस्ता द्यायला नकार देणारी, मुलीला शिकवणारी, पोलिसांसमोर बोट दाखवून नाव सांगणारी बाई बौद्ध नसती, तर ‘सूड’ एवढ्या टोकाला गेला असता काय? सूड आणि जात ही दोन वेगळी कारणे नाहीत. सूड कोणावर, किती आणि किती निर्धास्तपणे घ्यायचा, हे जात ठरवते.

तेव्हाच्या कायद्यात, कलम 3(2)(5) मध्ये, ‘ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणावरून’ अशी शब्दरचना होती. या ‘कारणावरून’ने किती खटले गिळले! गुन्हेगार मनातले कारण लिहून ठेवत नाही. संसदेने 2015 च्या दुरुस्तीने, जी 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली, ती रचना बदलली. आता आरोपीला पीडिताची जात माहीत होती एवढे पुरे. आणि आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर ही माहिती होती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. खेड्यात कोणाची जात कोणाला माहीत नसते? पण फौजदारी कायदा मागे चालत नाही. खैरलांजीला त्याचा उपयोग नव्हता. 2021 मध्ये आंध्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की, गुन्ह्याला दुसरीही कारणे असू शकतात, जात हे त्यांपैकी एक असले तरी जुने कलम लागू होऊ शकते. हे आधी कोणी का म्हटले नाही?

उलट बाहेर काय चालले होते? 2016 मध्ये कोपर्डीच्या अमानुष घटनेनंतर निघालेल्या लाखोंच्या मोर्चांतून याच कायद्यात बदल करा, तो रद्द करा, अशा मागण्या आल्या. कोपर्डीच्या गुन्ह्याचा आणि या कायद्याचा संबंध काय, हे कोणी सांगितले नाही. 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुभाष महाजन प्रकरणात ‘गैरवापर’ हा शब्द धरून अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशी यांची अट घातली. तो खटलाही महाराष्ट्रातला, कऱ्हाडचा. 2 एप्रिलचा भारत बंद झाला, संसदेने कलम 18-अ आणले, न्यायालयाने 2019 मध्ये ते निर्देश मागे घेतले. कायदा वाचला. शब्द मात्र वाचला नाही. ‘गैरवापर’ त्याला कायमचा चिकटला. या आरोपाचा पुरावा म्हणून निर्दोष सुटकेचे आकडे दाखवतात. साक्षीदार फितूर झाला, तपास चुकीच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केला, खटला दहा वर्षे रेंगाळला, तरी आरोपी सुटतोच. त्यावरून फिर्याद खोटी ठरत नाही. खोटी फिर्याद म्हणजे पोलिसांची ‘ब’ समरी. तिचा हिशेब वेगळा मांडा आणि मग बोला.

आपल्या लोकांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. बांधाच्या भांडणात, उधारीच्या तगाद्यात ‘थांब, ॲट्रॉसिटी लावतो तुझ्यावर’ असे बोलणारे आपल्यातही आहेत. हे बोलणे म्हणजे विरोधकाचे व्याकरण फुकटात पाठ करणे होय. तसेच 2007 पासून गावोगाव तंटामुक्ती समित्या आल्या, आणि अत्याचाराला ‘तंटा’ म्हणून बैठकीत बसवण्याची नवी सोय झाली. तंट्यात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे चुकलेले असते. अत्याचारात तसे नसते. या कायद्याखालचे गुन्हे आपसात मिटवण्याजोगे नाहीत, हे समितीच्या अध्यक्षाला ठणकावून सांगा.

आणि ठाण्यात गेल्यावर ठाणेदाराला ‘ॲट्रॉसिटी लावा’ म्हणू नका. काय घडले ते सांगा. कोणते शब्द उच्चारले, ते लाज न धरता जसेच्या तसे लिहून घ्यायला लावा. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्या मोघम वाक्यावर उलटतपासणीत प्रकरण टिकत नाही. जागा सांगा, कोण ऐकत होते ते सांगा, कारण अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला हे सिद्ध करावे लागते, आणि 2020 च्या एका निकालानंतर चार भिंतींच्या आतल्या अपमानाला हे कलम लावणे कठीण झाले आहे. दाखल्यावर ‘बौद्ध’ एवढेच असेल तर मूळ जातीचा दाखलाही जोडा. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीत धरले आहे, तरी बचावपक्षाचा वकील हा प्रश्न विचारतोच. तोंडी फिर्याद लिहून झाल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत ताबडतोब देणे हे कलम 4 प्रमाणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यात कसूर करणारा लोकसेवक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर त्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. प्रत हातात आल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.