चालतंय ना, मग राहू दे!



बऱ्याच दिवसांनी टंकायला बसले आहे. आणि आज जरा भांडायलाच बसले आहे, हे आधी सांगून टाकते. ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे त्यांनीही वाचावं, कारण भांडण संगणकाशी नाही, माणसांच्या एका सवयीशी आहे.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं एक छोटं संस्थळ आहे. तुकडीवार याद्या, स्नेहसंमेलनाचे जुने फोटो, आणि नाव-गाव-फोन-जन्मतारीख भरायचा एक फॉर्म. त्यातली एकशे चाळीस नावं मी स्वतः जमवली, तीन वर्षं फोन करकरून. कित्येक जणींनी विचारलं होतं, "बाई, नंबर कुठे बाहेर जाणार नाही ना?" मी ठसक्यात सांगितलं, "अगं, माझ्याकडे दिलास म्हणजे तिजोरीत ठेवलास."

गेल्या महिन्यात एका सकाळी संस्थळ उघडलं, तर सातवी 'अ'च्या फोटोच्या जागी जुगाराची जाहिरात! देखभाल ज्याच्याकडे होती त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाई, आतली पीएचपीची आवृत्ती जुनी होती, अपडेट करायचं राहून गेलं." किती दिवसांपासून? "चारेक वर्षं झाली असतील." का रे बाबा? "चालत होतं ना!" यादी कुणी नेली का, हे त्यालाही सांगता येईना.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. मला वाटलं तो माझ्या बाजूने बोलेल. पण तो म्हणाला, "मावशी, तू उगाच त्या पोरावर चिडतेस. अपडेटनेसुद्धा घोटाळे होतात. २०१२ साली पीएचपीने ५.३.९ ही सुरक्षेची दुरुस्ती आणली आणि तिनेच आधीपेक्षा मोठं भोक पाडलं. ज्यांनी अपडेट केलं ते अडकले, ज्यांनी नाही केलं ते वाचले. आता बोल!"

मी गप्प बसले. माझं बी.ए. इतिहासाचं, तेही मराठी माध्यमातून. पण लहान शाळेत एकाच बाईला गणितही शिकवावं लागतं, आणि नुसतं उत्तर बरोबर असून भागत नाही, पायऱ्या दाखव, असं मी पस्तीस वर्षं मुलांना सांगत आले. म्हटलं, भाच्याच्याही पायऱ्या तपासू. पंधरा दिवस त्यातच गेले. जे समजलं ते सांगते.

आधी आकड्यांचं. ५.३.९ मधला शेवटचा आकडा वाढतो तेव्हा बहुधा नवीन काही आलेलं नसतं. पुस्तक तेच, फक्त शुद्धिपत्र जोडलेलं. म्हणूनच लोक त्याकडे बघत नाहीत.

आता हे शुद्धिपत्र कशाबद्दल होतं? शाळेच्या कार्यालयात अर्ज लावायला कप्प्यांचं कपाट असतं. आद्याक्षर बघायचं आणि त्या कप्प्यात अर्ज टाकायचा. शोधायला सोपं. पण आमच्या कोल्हापूरकडे 'प'चा कप्पा कायम फुगलेला, कारण निम्मा वर्ग पाटील, पवार नाहीतर पोवार! एकाच कप्प्यात सगळे आले की प्रत्येक नवीन अर्ज आधीच्या सगळ्यांशी ताडून बघावा लागतो. संगणकही फॉर्ममधली नावं अशीच कप्प्यांत लावतो. कप्पा आद्याक्षरावरून नाही, एका हिशेबावरून ठरतो इतकंच. पीएचपीचा हिशेब असा: आधीच्या बेरजेला ३३ ने गुणा आणि पुढच्या अक्षराचा ठरलेला क्रमांक मिळवा.

मी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहिलं. इंग्रजी मोठ्या 'ई'चा क्रमांक ६९, लहान 'झेड'चा १२२. ६९ गुणिले ३३, अधिक १२२, म्हणजे २३९९. आता मोठा 'एफ' ७०, मोठा 'वाय' ८९. ७० गुणिले ३३, अधिक ८९, पुन्हा २३९९! (सुरुवातीला एक ठरलेला आकडा असतो, पण तो दोघांनाही सारखाच.) म्हणजे ही दोन जोडाक्षरं एकाच कप्प्यात जाणार. अशा सोळा जोड्या एकापुढे एक मांडल्या, प्रत्येक जागी यातली कुठलीही एक घेतली, की दोनाचा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळी नावं तयार होतात आणि सगळी एकाच कप्प्यात! ती लावताना तुलना किती? २१४ कोटी ७४ लाख ५० हजार ८८०. कुणीतरी खोडसाळपणे असा एक फॉर्म पाठवायचा, की सर्व्हर मान खाली घालून तुलनाच करत बसतो आणि बाकीचे लोक दाराबाहेर ताटकळतात. सातवीच्या मुलाला जमेल असं गणित, आणि त्याने मोठमोठी संस्थळं आडवी होऊ शकत होती.

आता तारखा बघा. इतिहासाच्या बाईला तारखा सोडवत नाहीत. ही युक्ती अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलॅक यांनी २००३ सालीच निबंध लिहून जाहीर केली होती. पर्ल या भाषेच्या मंडळींनी त्याच वर्षी, ५.८.१ या आवृत्तीत, हिशेबात बाहेरच्याला न कळणारा आकडा मिसळून वाट बंद केली. बाकीचे? चालत होतं ना!

आठ वर्षं गेली. २८ डिसेंबर २०११ ला बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे या दोघांनी दाखवून दिलं, की पीएचपी, जावा, पायथन, रुबी आणि मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट यांत हे भोक अजून उघडंच आहे. मग पळापळ. रुबीची दुरुस्ती त्याच दिवशी आली, मायक्रोसॉफ्टची दुसऱ्या दिवशी. पीएचपीने १० जानेवारी २०१२ ला ५.३.९ आणली. त्यांनी हिशेब बदलला नाही, दारावर शिपाई बसवला: एका फॉर्ममधून साधारण हजार नावंच आत घ्यायची. हजार नावांच्या तुलना पाच लाखांच्याही आतच होतात, सर्व्हरला काहीच नाही.

भाचा म्हणतो तो घोटाळा इथे झाला. मर्यादा ओलांडल्यावर एका विशिष्ट प्रकारचं नाव आलं, तर नोंद नाकारूनही पुढचं काम तसंच चालू राहायचं, आणि त्या फटीतून परका माणूस आपल्या आज्ञा सर्व्हरवर चालवू शकायचा. नुसतं दार अडवण्यापेक्षा हे कितीतरी वाईट. स्टेफान एसर यांनी ही चूक कळवली आणि २ फेब्रुवारी २०१२ ला ५.३.१० ही दुरुस्तीची दुरुस्ती आली.

म्हणजे भाच्याची माहिती खरी. पण उत्तर चूक! पायरीवार सांगते.

पहिली पायरी. जानेवारी गाफील होता असं म्हणायचं, तर आधीच्या आठ वर्षांना काय म्हणायचं? २००३ साली निवांत बसून, तपासून करता आलं असतं ते काम पुढे घाईत करावं लागलं. घाईत चूक झाली, आणि ती तेवीस दिवसांत सुधारली. वही तपासताना चुकून तेवीस दिवसांनी दुरुस्त करणारा शिक्षक मला चालेल. आठ वर्षं वहीच न उघडणारा नाही.

दुसरी पायरी. "ज्यांनी अपडेट केलं नाही ते वाचले." कशापासून वाचले? नव्या भोकापासून. जुनं तर तसंच होतं. आणि सगळ्यात जास्त धोका कुणाला होता? ज्यांनी ५.३.९ घेतली आणि मग "आता झालं एकदाचं" म्हणून तिथेच बसले, ५.३.१० घेतलीच नाही, त्यांना! तिथेही दोष राहू देण्याचाच.

तिसरी पायरी, आणि खरं भांडण इथेच आहे. दुरुस्ती जाहीर होते त्या दिवशी भोकही जाहीर होतं. भाषेची नवी-जुनी आवृत्ती शेजारी ठेवून बघितली की नेमकं कुठे ठिगळ लावलंय ते चोरालाही दिसतं. कालपर्यंत मोडक्या कडीची गोष्ट फक्त घरच्यांना माहीत होती, आज ती चावडीवर वाचून दाखवली गेली. म्हणून "काल चालत होतं, आजही चालेल" हे तर्कट इथे लागू पडत नाही. काल आणि आज सारखे राहिलेलेच नसतात. जाहीर झाल्यावर दिवस-दोन दिवस लागले तर समजू शकते. चार वर्षं म्हणजे उशीर नव्हे. ते दुसऱ्याच्या घराची किल्ली दारातच ठेवून जाणं आहे.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर बाई एकांगी लिहितात म्हणाल. त्या हजाराच्या मर्यादेने प्रामाणिक लोकांचेही लांबलचक फॉर्म अर्धवट जाऊ लागले. शुद्धिपत्र म्हणून आलेल्या गोष्टीने चालतं काम मोडलं तर माणूस चिडणारच. पायथनवाल्यांनी याचा विचार केला होता. एप्रिल २०१२ च्या २.७.३ मध्ये त्यांनी दुरुस्ती दिली पण बंद ठेवून, हवी त्याने चालू करावी. ती आपोआप चालू राहील असं केलं ते त्याच वर्षीच्या ३.३ या नव्या आवृत्तीत. हेही मला पूर्ण पटत नाही. कुलूप दिलं, पण लावायचं काम ज्याला कुलूप म्हणजे काय हे माहीत नाही त्याच्यावर सोडलं. तरी अपडेट करण्याआधी सगळ्याची एक प्रत काढावी, प्रतीवर करून बघावं, मग खऱ्यावर करावं, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य. पण ही काळजी कशी घ्यायची याची रीत झाली. न करण्याचं कारण नव्हे!

आणि शेवटी, ज्या मुलावर मी ओरडले त्याच्याबद्दल. चिडून झाल्यावर मी मंडळाच्या हिशेबाची वही काढली. संस्थळ बनवायला पैसे दिलेले आहेत. उद्घाटनाचा फलक, हार, चहा-फराळ, सगळ्याची नोंद आहे. देखभाल या शीर्षकाखाली चार वर्षांत एक रुपया नाही. त्या वहीवर सही कुणाची? माझी. पावसाळ्याआधी शाळेची कौलं दर वर्षी फिरवून घेणारे आम्ही, इथे मात्र एकदा बांधलं की झालं असं समजून बसलो. नव्याचं उद्घाटन असतं, डागडुजीचं कधी नसतं. 'चालतंय ना' तो मोठ्याने म्हणाला, मी मनात म्हटलं, एवढाच फरक.

ज्या आवृत्तीला दुरुस्त्याच मिळेनाशा झाल्यात तिच्यावर तर दिवसही काढू नये. ५.३ ची ती मालिका ऑगस्ट २०१४ ला संपवली गेली. प्रत्येक मालिकेला असा शेवटचा दिवस असतो, आणि तो आधी सांगितलेला असतो. माझी ही अनुदिनी वर्डप्रेसवर आहे, म्हणजे तीही पीएचपीवरच. तुमच्यापैकी पुष्कळांचं तसंच असेल. आपली आवृत्ती कुठली, तिला अजून दुरुस्त्या मिळतात का आणि शेवटची कधी घेतली, हे तीन प्रश्न ज्याच्याकडे जागा घेतली आहे त्याला आजच विचारा. "चालतंय की" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा.

मी सध्या यादीतल्या एकशे चाळीस जणांना एकेक करून फोन करते आहे. तुझा नंबर आणि जन्मतारीख कदाचित बाहेर गेली असेल, अनोळखी फोन आला तर सांभाळ, आणि बाईंना माफ कर, एवढंच सांगायचं असतं. आज सकाळी एकसष्टावा झाला. बहुतेक जणी म्हणतात, "जाऊ द्या हो बाई, एवढं काय त्यात!"

त्या 'जाऊ द्या'चीच मला आता भीती वाटते.