जाळे कोणी कुरतडले?

काही बोलपट तीन तास पाहूनही घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत विसरले जातात. आणि एखादा इवलासा चित्रपट पन्नास वर्षे लोटली तरी मनातून जात नाही. ‘एक अनेक और एकता’ हा असाच एक रेखाचित्रांचा, म्हणजे आपण ज्याला कार्टून म्हणतो त्या जातीचा, चित्रपट होय. फिल्म्स डिव्हिजनने तो १९७४ साली काढला. लांबी अवघी सात मिनिटांची. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. आणि पुढे दूरदर्शनने तो इतक्या वेळा दाखविला की, त्या काळची मुले आज स्वतः आईबाप झाली तरी त्यांना त्यातील गाणे तोंडपाठ आहे.

चित्रपट हिंदी, पण त्याला मराठी हात लागले होते. दिग्दर्शिका विजया मुळे १९२१ साली मुंबईत जन्मल्या. विवाहानंतर पाटण्यास व पुढे दिल्लीस गेल्या, आणि २०१९ साली वयाच्या ९८ व्या वर्षी निवर्तल्या. संगीत कोकणच्या मातीत वाढलेल्या वसंत देसाई यांचे. गाणारी चिमुरडी दाभोळची; साधना सरगम या नावाने ती पुढे देशाला परिचित झाली. गीत मात्र दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक विनयचंद्र मौद्गल्य यांचे, आणि रेखाटनाचे काम भीमसेन यांचे. निरनिराळ्या घरांतील माणसे एका कामास लागली, तेव्हा ही सात मिनिटे उभी राहिली.

कथा साधी आहे. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीस विचारतो की, अनेक म्हणजे काय? ती व्याख्या सांगत बसत नाही. सूर्य एक, चंद्र एक, पण तारे पुष्कळ, असे ती दाखविते. खारी मोजावयास लाविते. मग गोष्ट येते. दाण्यांच्या लोभाने पाखरे पारध्याच्या जाळ्यात सापडतात, एकाच वेळी जोर करून जाळ्यासकट उडतात, आणि दूर राहणारे त्यांचे मित्र उंदीर ते जाळे कुरतडून त्यांना मोकळे करतात.

ही गोष्ट पंचतंत्रातली. तेथे चित्रग्रीव नावाचा कपोतराजा आहे आणि हिरण्यक नावाचा उंदीर आहे. हिरण्यक प्रथम राजाचे पाश तोडू लागतो, तेव्हा राजा म्हणतो की, आधी माझ्या सोबत्यांना सोडव. शेकडो वर्षांची ही कथा चित्रपटाने लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढी केली.

ती आजही मनाला का भिडते? एक कारण असे की, येथे उपदेश कोणी उंच आसनावरून करीत नाही. बहीण भावाला सांगते. घरातील थोरल्या मुलाने धाकट्याला शिकविलेले जन्मभर टिकते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. पाखरांच्या एकीने जाळे उचलले गेले, तुटले मात्र नाही. ते तोडावयास पंख नसलेला, बिळात राहणारा, निराळ्याच जातीचा मित्र लागला. एकीचा पाठ आपण ध्यानात ठेवितो, उंदराला विसरतो.

इंदुरात राहणाऱ्या आपल्या माणसांनी तर हे विसरू नये. होळकरांच्या काळापासून येथे मराठी नांदते आहे. १९१७, १९३५ व २००१ साली मराठी साहित्याचे संमेलन याच नगरीत भरले. तरीही आज पुष्कळ घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. भोवतालच्या गावांत माळवी, निमाडी, भिली कानी पडते. अशा ठिकाणी दोन भये असतात: आपले म्हणून जे आहे ते पुसले जाईल हे एक, आणि त्या भयाने आपण दार लावून आतच बसू हे दुसरे. तारे पुष्कळ आहेत म्हणून एकाही ताऱ्याने विझण्याचे कारण नाही, हे पहिल्या भयाचे उत्तर. दुसऱ्याचे उत्तर उंदीर देतो. रात्री-अपरात्री दुखणे उद्भवले, पिकावर संकट आले, तर धावून येणारा शेजारी आपलीच बोली बोलेल असे नाही. मात्र ती मैत्री संकटाच्या आधी जोडलेली असावी लागते. पाखरे थेट उंदरांकडेच गेली, कारण त्यांची ओळख जुनी होती.

म्हणून वडीलधाऱ्यांना एक विनंती. हा चित्रपट आता मोबाईलवरही पाहावयास मिळतो. रात्रीचे जेवण आटोपल्यावर सात मिनिटे काढा, मुलांना जवळ घ्या आणि आजीलाही बसवा. नातवाने आजीला हिंदी समजावून द्यावे, आजीने तीच गोष्ट मराठीत सांगावी. शेवटी मुलांना एवढेच विचारा की, जाळे उचलले कोणी आणि तोडले कोणी? मग आपल्या आळीत असा मित्र कोण आहे, आणि आपण त्याच्या दारी शेवटचे केव्हा गेलो होतो, याचाही घरात विचार होऊ द्या.