सरांची तीन वाक्ये

स्नेहसंमेलन जवळ आले की नाटुकले बसवण्याचे काम आमच्याकडे येते. यंदा नववीची मुले म्हणाली, “सर, आमचं आम्ही बसवतो. तुम्ही फक्त शेवटी बघा.” नाटुकल्याचे नाव होते ‘पेठेतला गेम’. आम्ही होकार दिला आणि तालमीच्या दिवशी (नाटकाच्या, शिवाजी पेठेत तालीम म्हटले की आधी आखाडा आणि फुटबॉल आठवतो म्हणून सांगितले) मागच्या बाकावर जाऊन बसलो.

नाटुकल्यातला मुलगा रात्रभर मोबाईलवर खेळतो आणि सकाळी शाळेला निघतो. पण गेममधून तो बाहेर आलेलाच नसतो. दारातून निघताना भिंतीला पाठ लावून आधी डोकावून बघतो. रिक्षा दिसली की जमिनीवर आडवा. मित्राचा डबा दिसला की “लूट सापडली रे!” पायाला ठेच लागते तेव्हा रस्त्यातच झोपून ओरडतो, “भावा, रिव्हाइव्ह कर!” मित्र धावत येऊन त्याला पाणी पाजतो. वर्गात प्रश्न विचारला की नेटवर्क गेल्यासारखा तोंड उघडे ठेवून थिजतो. आम्ही पोट धरून हसलो.

वाचकहो, यात अतिशयोक्ती आहे, पण ती थोडीच. हार्वर्डचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली काही लोकांना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला लावला होता. डोळा लागता लागता अनेकांना ठोकळे खाली पडताना दिसू लागले. त्यांच्यात स्मृती गेलेले काही रुग्ण होते. आपण खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते. तरी त्यांतल्याही काहींना ठोकळे दिसले. मग दिवसभर हातात बंदूक धरून फिरणाऱ्या पोराला रंकाळ्यावरची झुडपे लपण्याच्या जागा वाटल्या तर नवल कसले?

यावर हसणारेही जगभर आहेत. न्यूझीलंडमधल्या ‘व्हिवा ला डर्ट लीग’ या मंडळींनी तर खेळ आणि खरे जग यांच्या गोंधळावरच विनोदी चित्रफिती करून नाव मिळवले. आपल्याकडे २९ जानेवारी २०१९ रोजी ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार केली. हा पबजीवाला आहे का, असे पंतप्रधानांनी विचारताच सभागृहात हशा पिकला. घरोघरी तीच कथा होती ना!

पण प्रत्येक वेळी हसू येतेच असे नाही. जून २०२० मध्ये याच पबजीत जंगलाचा एक नवा प्रकार आला. त्यात मूर्तीसमोर आपले पात्र झुकले की बळ मिळे. अनेक देशांतल्या मुस्लिम खेळाडूंनी हरकत घेतली, तेव्हा कंपनीने तो भाग काढून टाकला. त्या दिवसांत शाळा बंद होत्या. एका विद्यार्थ्याचा आम्हाला फोन आला. आवाज रडवेला. “सर, माझ्या हातून झालं ते. गुनाह लागेल का?” आम्ही मुफ्ती नाही, त्याला मशिदीतल्या मौलानांशी बोलायला सांगितले. पण फोन ठेवल्यावर विचार करीत राहिलो. हाच मुलगा “मी मेलो”, “मी तिघांना मारले” असे हसत हसत सांगायचा. तिथला ‘मी’ त्याला कधी खरा वाटला नाही. झुकणारा ‘मी’ मात्र खरा वाटला. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेले आणि वर्षभराच्या आत दुसऱ्या नावाने परतही आले. ते आले-गेले आम्ही विसरलो, तो फोन विसरलो नाही.

आता नाटुकल्याचा उत्तरार्ध. गेममध्ये काही पात्रे अशी असतात की त्यांना कोणीच खेळाडू चालवत नाही. त्यांना मुले ‘एनपीसी’ म्हणतात. दुकानदार, पहारेकरी, कोळी. त्यांना ठरलेली दोन-तीन वाक्ये दिलेली असतात. तुम्ही काहीही बोला, ती तेवढीच बोलतात. तर आमच्या मुलांच्या नाटकात नायक वर्गात येतो आणि समोर एनपीसी उभा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात डस्टर. आम्हीच!

एक मुलगा येतो, “सर, मला चित्रकलेत पहिला नंबर मिळाला.” एनपीसी म्हणतो, “उद्या पालकांना घेऊन ये.”

दुसरा ओरडतो, “सर, शाळेला आग लागली!” “दहावीला कसं होणार तुझं?”

तिसरा हळूच म्हणतो, “सर, अब्बा दवाखान्यात आहेत.” “गृहपाठ केला का?”

वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो, पण तिसऱ्या वाक्याला हसू घशात अडकले. ते वाक्य मुलांनी रचलेले नव्हते. पावसाळ्यात एका मुलाने आम्हाला खरोखरच तसे सांगितले होते, आणि वह्या तपासता तपासता मान वर न करता आम्ही तेच उत्तर दिले होते. तो मुलगा आता खिडकीपाशी उभा राहून, बाकीच्यांबरोबरच हसत होता.

एक सहकारी म्हणाले, “शिक्षकांचा भाग काढून टाका. पालकांसमोर शोभत नाही.” आम्ही रात्रभर विचार केला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या विनोदाची हदीस आठवली. एकाने वाहन मागितले, तेव्हा त्यांनी उंटिणीचे पिल्लू देतो म्हटले. तो गोंधळला, पिल्लावर बसणार कसे? तेव्हा प्रत्येक उंट हा उंटिणीचेच पिल्लू असतो, असे त्यांनी सांगितले. थट्टा होती, पण तिच्यात खोटे काही नव्हते. मुलांच्या थट्टेतही नव्हते. नाटुकले होते तसे झाले. पालक इतके हसले की मागच्या रांगेतल्या आजीबाईंना पुढचे संवाद ऐकू येईनात.

त्याआधी आम्ही खिडकीतल्या त्या मुलाला गाठून अब्बांची तब्येत विचारली. “बरे आहेत सर, कामावर जातात आता,” तो म्हणाला. मग थोडे थांबून, “गृहपाठ पण केलाय.”

घरी आमची वाक्ये वेगळी आहेत, संख्या तीच. नमाज झाली का? जेवलास का? मोबाईल ठेव. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी इशानंतर धाकटा खेळत बसला होता. आम्ही त्याच्याशेजारी सतरंजीवर बसलो आणि विचारले, “यातला तू कोणता? आणि हा पळतोय कुणाला घाबरून?”

त्याने खेळ थांबवला, आमच्याकडे निरखून पाहिले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “अम्मी, लवकर ये! अब्बांना नवीन डायलॉग आलाय!”