कपडेपटाचं शिक्षण

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक वहिनी दुपारच्या घरी आल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, पोरीला तुम्ही तरी दोन शब्द सांगा. बारावीला चांगले मार्क पडलेत. बी. कॉम. कर म्हटलं, तर नाटक-सिनेमाचे कपडे करायला शिकायचंय म्हणते. तिच्या बाबांनी बोलणंच टाकलंय. शिंपीणच व्हायचं होतं तर एवढं शिकवलं कशाला, म्हणतात."

वहिनींचं माहेर मराठी, सासर कन्नड. पोरीची अज्जी मात्र नातीच्या बाजूने. होलिगे हातात असली की पोटाची काळजी नाही, असं त्यांचं मत. आपल्याकडे शिलाईकडे पाहायच्या या दोनच नजरा. एक म्हणते कमीपणा, दुसरी म्हणते पोटापाण्याची सोय. यात अभ्यास करण्यासारखं काही असेल, हे दोघांच्याही मनात येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या नाटकात कपड्यांचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. ड्रेपरी भाड्याने कशाला, घरचीच लुगडी वापरू, असं मीच सुचवलं. पहिल्या अंकाच्या शेवटी नायिका नवी नवरी, आणि लगेच पुढच्या प्रवेशात दहा वर्षांनंतरची, शेतात राबणारी. मध्ये संगीत होतं दोन मिनिटांचं, आणि तिला नेसायचं होतं नऊवारी! पडदा उघडला तर रंगमंच रिकामा. मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. शेवटी बाई आली ती माझं कोरं करकरीत इलकल लुगडं नेसून. पुढच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "ही शेतातनं आली की बारशाला निघाली?" सगळा हॉल हसला. प्रसंग रडण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या टेलरमास्तरांनी मला शहाणं केलं. नऊवारी आधीच शिवून कमरेला हूक लावले असते, तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. आणि लुगडं चारदा धुऊन, चहाच्या पाण्यात बुडवून, काठ दगडावर घासून घेतले असते, तर ते दहा वर्षं वापरलेलं दिसलं असतं.

मास्तरांनी अनुभवाने सांगितलं, तेच नाट्यशिक्षणात रीतसर शिकवतात. सुरुवात कापडापासून होत नाही, संहितेपासून होते. प्रत्येक पात्राचा तक्ता करायचा: वय काय, काम काय, घरची स्थिती कशी, ऋतू कोणता, कुठल्या प्रवेशात काय अंगावर, आणि बदलायला वेळ किती. मग चित्रं काढायची. महागाचं कापड कापण्याआधी मांजरपाटाचा नमुना शिवून नटाच्या अंगावर घालून बघायचा. त्याला बसता, वाकता, पडता येतं का ते पाहायचं. शिलाईत माया जास्त सोडायची, म्हणजे उद्या नट बदलला तरी तोच अंगरखा उसवून मोठा करता येतो. दिव्यांखाली रंग कसा दिसतो, हेही तपासायचं. सिनेमात आणखी एक व्याप असतो. एकच प्रसंग आज थोडा, पंधरा दिवसांनी थोडा चित्रित होतो. तेव्हा बाहीची घडी आणि पदराची चुणी पहिल्यासारखीच असावी लागते. पावसाचा किंवा मारामारीचा प्रसंग असला तर एकाच पोशाखाचे अनेक जोड तयार ठेवतात.

हे काम किती मोठं होऊ शकतं, ते भानू अथय्यांकडे बघितलं की कळतं. त्या मूळच्या राजोपाध्ये, १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या. वडील चित्रकार, पण लहानपणीच गेले. भानूताई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या आणि पुढे कपड्यांकडे वळल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. २०२० साली त्या गेल्या. आपल्यापासून चार तासांच्या आत असलेल्या गावची ही लेक!

आता शिकायचं कुठे? हेग्गोडूच्या नीनासमची नाट्यसंस्था १९८० पासून चालू आहे. तिथे वर्षभराचं शिक्षण कन्नडमधून होतं. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे मराठीत. दोन्ही ठिकाणी सगळी रंगभूमी शिकवतात आणि वेशभूषा हा त्यातला एक भाग असतो. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पण तिथे आधी पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतात. म्हणजे बी. कॉम. वाया जात नाही, उलट दार उघडतं! नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करताना त्या वर्षीचे पाहून घ्यावेत.

आणि आपल्या घरातल्या मुलांना दोन्ही दारं मोकळी आहेत, हे आपण विसरतो. घरात पदरही म्हणतात आणि सेरगूही. इलकलचा तांबडा पदर, गुळेदगुड्डचा खण, धारवाडची कसुती आपल्या कपाटात असते, आणि शहापूर-वडगावच्या मागांचा आवाज ऐकत आपण मोठे झालो. कुठल्या बाईच्या अंगावर काय शोभेल, हे बाहेरच्याला पुस्तकात शोधावं लागतं. आपल्याकडे अज्जीला विचारलं की झालं.

मी वहिनींना खोटं काही सांगितलं नाही. या कामात महिन्याच्या एक तारखेला पगार येईलच असं नाही. रात्री-अपरात्री जागावं लागतं, आणि टाळ्या नटाला मिळतात. पोरीलाही तेच सांगितलं. वर म्हटलं, पदवी इथेच घे, तोवर मास्तरांकडे काजं करायला बस, आणि गावात नाटक बसतंय तिथे कपडेपट सांभाळ. तीन वर्षांनी मन तेच म्हणालं, तर बाबांशी मी बोलेन.

परवा बाजारात वहिनी भेटल्या. पोर कॉलेजला जाते आणि संध्याकाळी मास्तरांकडे बसते. बाबा अजून फारसं बोलत नाहीत. पण मशीनचा पट्टा तुटला होता, तो परवा त्यांनीच न सांगता आणून बसवला.