शाल, नारळ आणि 'आंतरराष्ट्रीय वक्ता'

मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत एक 'आंतरराष्ट्रीय मोटिव्हेशनल स्पीकर' येऊन गेले. कोण, ते विचारू नका, माझ्या घराचे हप्ते अजून बाकी आहेत. दीड तास बोलले. त्यातली वीस मिनिटं स्वतःबद्दल, वीस मिनिटं आम्हाला उठवून टाळ्या वाजवायला लावण्यात. उरलेल्या वेळात आम्हाला कळलं की माणसाच्या बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो.

हा आकडा तुम्हीही कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये ऐकला असेल. तो आलाय आल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधून. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याच्या भावना काय असाव्यात एवढंच विचारलं. हे गणित भावना आणि आवडीनिवडीपुरतंच आहे, असं खुद्द मेहरेबियन यांनी नंतर स्पष्ट केलंय. नाहीतर तेच भाषण तमिळमध्ये ऐकूनही मला ९३ टक्के कळायला हवं, नाही का? (आमच्याकडे उलट झालं. कळणाऱ्या भाषेत ऐकूनही हाती ७ टक्केच लागलं :) )

पण हा लेख त्या साहेबांवर नाही. माझ्या एका मित्रावर आहे, आणि थोडा माझ्यावरही.

हा मित्र गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये एक बग सुटला, पेशंटांना दुप्पट बिलं गेली आणि तो कसा सापडला, ही गोष्ट तो सांगायला लागला की कँटीनमध्ये लोक चहा गार होऊ देतात. मीच म्हटलं, "अरे, तू स्टेजवर बोलायला हवंस." त्याने ते मनावर घेतलं आणि साठ हजार भरून 'व्यावसायिक वक्ता बना' छापाचा एक कोर्स केला.

तिथे भाषण करायला नाही शिकवलं. शिकवलं स्वतःला विकायला. रिकाम्या सभागृहात माईक धरून फोटो काढा. ऑनलाइन सेशनला दुबईहून एक जण आला असेल तर 'आंतरराष्ट्रीय' लिहा. 'दहा हजार आयुष्यं बदलली' असं लिहा, कोण मोजायला येतंय? आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याला सांगितलं, "ते बग-बिग सोड. त्याला मार्केट नाही. तू लोकांना त्यांच्या जगण्याचा हेतू शोधून दे."

त्याचं प्रोफाइल शेवटी मीच लिहून दिलं. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्दही माझ्याच कीबोर्डवरून उतरला. सगळेच लिहितात, म्हणून मीही लिहिला. पुढे एका कॉलेजात भाषण संपल्यावर एका पोरीने साधं विचारलं, "सर, कुठल्या कुठल्या देशांत बोललात?" हा गप्प. त्या दिवसापासून आजपर्यंत तो स्टेजवर चढलेला नाही. हल्ली कँटीनमध्येही ती गोष्ट सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, मार्केटिंग म्हटलं की थोडं फुगवणं आलंच. साफ चूक. मार्क ट्वेनचं उदाहरण घ्या. १८६६ मध्ये हवाई बेटांवर बातमीदारी करून तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला, तेव्हा व्याख्याता म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्याने थिएटर भाड्याने घेतलं आणि जाहिरात केली, तीही मजेदार. पण 'विश्वविख्यात' वगैरे काही नाही. विषय कुठला? तर जी बेटं तो नुकतीच पाहून आला होता, तीच. पुढे एका टाइपसेटिंग यंत्राच्या नादात (आजच्या भाषेत स्टार्टअपमध्ये!) त्याने पैसा घालवला, १८९४ मध्ये त्याची प्रकाशन कंपनीही बुडाली. मग साठीच्या उंबरठ्यावर हा माणूस व्याख्यानांच्या जगप्रवासाला निघाला. १८९६ च्या जानेवारीत तो आपल्या मुंबईतही आला होता. तिकीट लावून बोलला, एजंट ठेवले, भरपूर जाहिरात केली आणि १८९८ पर्यंत सगळं कर्ज फेडलं. जाहिरात करण्यात आणि पैसे घेण्यात लाज नाही. लाज खोटं बोलण्यात आहे.

म्हणूनच दुसरी शिवी आपल्याला. होय, आपल्या मराठी माणसांना.

आपल्याकडे भाषणाची परंपरा मोठी. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, ती आजही चालते. शिवाजीराव भोसल्यांसारखे प्राचार्य बोलायला उभे राहिले की सभागृहं भरायची. लोक विषय ऐकायला, विचार ऐकायला यायचे. हे सगळं खरं, पण त्याच परंपरेतून आपण एक सोयीची समजूत उचलली, की बोलणं म्हणजे सेवा आणि सेवेचे पैसे मागायचे नसतात.

मला एकदा एका इंजिनिअरिंग कॉलेजने बोलावलं होतं. तयारीत दोन शनिवार-रविवार गेले, जाण्यायेण्यात चौदा तास. मिळालं काय? शाल, नारळ आणि माझंच नाव चुकीचं छापलेलं सन्मानचिन्ह. भीत भीत मानधनाचं विचारलं तर, "सर, पोरांसाठी आहे ना!" मांडववाला पोरांसाठीच आला होता, डीजेवालाही पोरांसाठीच. त्यांची बिलं मात्र चुकती झाली. सुखदुःखाच्या कार्यक्रमाला मी फुकट बोलेन, शाळेतल्या मुलांपुढे तर आनंदाने बोलेन. पण तो निर्णय माझा असायला हवा, आयोजकांनी गृहीत धरलेला नव्हे.

आता दोन्ही जोडून पाहा. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे तो संकोचाने पैसे मागत नाही आणि दोन-तीन नारळ घरी नेऊन थांबतो. ज्याच्याकडे काही नाही तो फुगवलेलं प्रोफाइल पाठवतो आणि सांगेल ती फी घेतो. मग आपणच कुरकुरतो की हल्ली चांगले वक्ते राहिले नाहीत. राहतील कसे? आपणच त्यांना घरी बसवलं!

म्हणून ज्यांना खरोखर यात उतरायचंय त्यांना चार गोष्टी सांगतो. एक, स्वतःला विकू नका, विषय विका. 'प्रेरणादायी वक्ता' हा विषय नव्हे, 'बिलिंगमधला बग कसा सापडला' हा विषय आहे. दोन, कुठेतरी केलेल्या खऱ्या भाषणाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग ठेवा, भले श्रोते पंधराच असोत. ऐकणाऱ्याला ते शंभर विशेषणांपेक्षा जास्त सांगतं. तीन, फी पहिल्याच फोनवर सांगा, प्रवासखर्च वेगळा सांगा आणि दोन्ही ईमेलवर लिहून घ्या. फुकट बोलणार असाल तर तेही ठणकावून सांगा. चार, स्टेज विकत घेऊ नका. २००९ पासून गावोगावी टेडेक्सचे कार्यक्रम होतात. त्यांचा नियमच आहे की वक्त्याला मानधन नाही आणि वक्त्याकडून पैसेही घ्यायचे नाहीत. तेव्हा कुणी 'स्लॉट'चे पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

गेल्या रविवारी मित्राच्या घरी गेलो. पहिल्यांदा त्याची माफी मागितली. मग लॅपटॉप उघडून दोघांनी ते प्रोफाइल खोडलं. नव्यात चारच ओळी आहेत. बारा वर्षं टेस्टिंग. एक गोष्ट, पन्नास मिनिटांची. आजवर तीन ठिकाणी भाषण, तिन्ही महाराष्ट्रात. आणि शेवटी फी, आकड्यासकट.

फीच्या ओळीवर तो बराच वेळ थांबला. म्हणाला, "लोक हसतील रे."

हसू देत. निदान कुणी काही विचारलं तर उत्तर तरी असेल.