पेन्सिल खाली ठेवू नका!

‘थ्रीडी येतं का?’ गेम डिझाइनकडे वळू पाहणाऱ्या चित्रवेड्या मुलांना बहुतेकदा हाच प्रश्न आधी विचारला जातो. नाही म्हटलं, की समोरच्याचा चेहरा पडतो. मग स्केचबुक कपाटात जातं आणि ट्युटोरियल सुरू होतात. थ्रीडी जरूर शिका. पण त्यासाठी चित्र काढणं सोडायचं? हे काही पटत नाही.

१९९३ चा ‘डूम’ घ्या. तुमच्या जन्माआधीचा गेम. जिने, अंधारे बोळ, आपण खरंच आत फिरतोय असं वाटायचं. अंगावर येणारे राक्षस मात्र चक्क सपाट चित्रं होती! काहींची मातीची मॉडेल्स करून ती वेगवेगळ्या बाजूंनी टिपलेली. जिवंत राक्षस आठ दिशांनी दिसायचा. मेलेल्याला एकच चित्र. त्यामुळे प्रेताला कितीही प्रदक्षिणा घाला, ते आपलं तुमच्याकडेच तोंड करून पडलेलं.

ती तेव्हाच्या कॉम्प्युटरची मजबुरी होती. पण मारिओचं काय? १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ वर तो पूर्ण थ्रीडी झाला होता. तरी २००० साली त्याच मशीनवर ‘पेपर मारिओ’ आला, कागदातून कापल्यासारखा. २००४ च्या पुढच्या भागात तर हा पठ्ठ्या बाजूला वळतो, कडेइतका बारीक होतो आणि फटीतून पलीकडे निसटतो. सपाट असणं हाच खेळ!

अर्थात, यात मेहनत कमी नाही. चित्र सतत कॅमेऱ्याकडे वळवत ठेवावं लागतं. उजेड कडेने आला, तर सावलीची नुसती रेघ पडते. मग कुणी पायाखाली गोल सावली चिकटवतं, कुणी कॅमेऱ्याचा कोनच बांधून टाकतं. २०१८ च्या ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’मधली पिक्सेलची माणसं थ्रीडी गावात उपरी वाटत नाहीत, ती उजेड, सावली आणि धूसर पार्श्वभूमीच्या जोरावर. म्हणजे थ्रीडीची समज हवीच, फक्त ती चित्राच्या कामी यायला हवी. पोर्टफोलिओ बघणाऱ्या सर-मॅडमनीही अशा कामाला ‘अर्धवट’ म्हणायच्या आधी एकदा ते चालवून बघावं.

वहीच्या शेवटच्या पानावर काढलेलं एखादं पात्र असेलच ना? त्याचा फोटो काढा, गोडोसारख्या फुकट मिळणाऱ्या इंजिनात उभं करा आणि कॅमेरा त्याच्याभोवती फिरवा. पहिल्याच फेरीत ते रेघ होऊन गायब होईल. तिथून कामाला लागा.